आजीची जिवती आणि मुकुटावरचे तीन पक्षी

पत्र थोडक्यात: ठाण्याच्या एका वाचकभगिनीचं माहेर दापोलीकडचं. आजोबा जहाजावर खलाशी होते. १९५०च्या सुमारास हाँगकाँगहून परतताना त्यांनी धातूची एक छोटी मूर्ती आणली: खुर्चीवर बसलेली स्त्री आणि मांडीवर बाळ. उंची १४ सेंमी, वजन ७८० ग्रॅम, तळ उघडा आणि आतून पोकळ. आजी तिला जिवती मानून श्रावणातल्या शुक्रवारी पुजत असे. आई अजूनही दर सणाला चिंच-मीठ लावून घासते. बैठकीच्या मागच्या बाजूला सहा चिनी अक्षरं आहेत आणि फोनवरच्या अ‍ॅपने ती ‘महान मिंग, श्वांदे काळात बनवलेली’ अशी वाचली. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने फोटो पाहून ‘सहाशे वर्षांपूर्वीची ग्वानयिन’ असं सांगितलं. पॉलिश फुकट करून देतो, महिन्याभरात कळवा, म्हणाला. दुबईतला चुलतभाऊ म्हणतो, कुरिअरने पाठव, इथून परदेशी लिलावात घालू. वाचक विचारतात: मूर्ती खरंच एवढी जुनी आहे का, विकावी का, आणि परक्या धर्माची असेल तर देव्हाऱ्यात ठेवणं चुकलं का?

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही कंसात, जाता जाता लिहिली आहे: ‘मुकुटावर कोंबडीसारखे तीन पक्षी आहेत, एकाचा पंख तुटलाय.’ सहा अक्षरांवर मात्र दीड पान खर्च केलंत. तुमचं काही चुकलं असं नाही, बहुतेक जण असंच करतात. अक्षरं दिसली की वाटतं, वस्तूने स्वतःच जन्मतारीख सांगितली. पण मूर्ती कोणाची, कधीची आणि केवढ्याची हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि तिन्हींचे पुरावे वेगवेगळ्या जागी सापडतात. व्यापाऱ्याने एका फोटोवरून तिन्हींची उत्तरं एका वाक्यात दिली, तिथेच थोडं सावध व्हायला हवं.

आधी ‘कोणाची’. मांडीवर बाळ घेतलेली चिनी स्त्री म्हणजे ग्वानयिन, हे समीकरण इंटरनेटवर फार रुळलंय. ग्वानयिन म्हणजे आपल्याकडचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. चीनमध्ये हळूहळू त्याचं रूप स्त्रीचं झालं. संतान देणारी ग्वानयिन बाळ घेऊन बसते, हे खरंच आहे. पण तिची ओळख बाळावरून पटत नाही, मुकुटावरून पटते. मुकुटाच्या मध्यभागी नखाएवढा, मांडी घालून बसलेला अमिताभ बुद्ध असतो. मूर्ती झिजलेली असली तरी तिथे निदान एक उभट उंचवटा बोटाला लागतो. डोक्यावरून खांद्यापर्यंत पदरासारखं वस्त्र येतं, छाती थोडी उघडी आणि तिच्यावर माळांचं जाळं असतं, पाय बहुधा अनवाणी. जवळपास पाण्याची सुरई किंवा विलोची फांदी दिसते. आसन कमळाचं किंवा खडकाचं.

तुमच्या मूर्तीत यातलं काय आहे? मुकुटावर बुद्ध नाही, पक्षी आहेत. अंगावर गळ्यापर्यंत बंद, रुंद बाह्यांचा झगा आणि कमरेला पट्टा आहे. पाय खाली सोडलेले, झग्याखालून बुटांची टोकं दिसतायत. बसायला कमळ नाही, खुर्ची आहे. हा सगळा थाट दरबारी आहे. ते पक्षी कोंबडी नव्हेत, चिनी दंतकथांतले फिनिक्स आहेत. चिनी राजस्त्रियांच्या मुकुटावरचं ते मानचिन्ह ताओ पंथातल्या देवींच्या डोक्यावर येतं. अशा देवींना ‘न्यांगन्यांग’ म्हणजे साधारण ‘आईसाहेब’ म्हणतात. उत्तर चीनमध्ये त्यांच्यात मुख्य मान ताईशान पर्वताच्या बीश्या युआनज्युनचा. तिच्या परिवारात हातात डोळा धरलेली एक देवी असते, ती दृष्टी राखते. दुसरीच्या हातात बाळ असतं. ती सोंगत्झ न्यांगन्यांग, मूल देणारी आई. तुम्ही वर्णन केलेली मूर्ती बौद्ध ग्वानयिनपेक्षा या देवीशी खूपच जास्त जुळते.

म्हणजे आजीने नाव वेगळं दिलं, पण काम बरोबर ओळखलं. लेकराबाळांना राखणारी देवी म्हणून तिने जिवतीचा मान दिला, आणि चीनमध्येही बायका या देवीपुढे त्याचसाठी हात जोडत आल्या. व्यापाऱ्याची ‘ग्वानयिन’ मात्र चुकलेली दिसते. ग्वानयिन हे नाव गिऱ्हाइकांच्या ओळखीचं असल्यामुळे बाजारात सगळ्या चिनी देवी तिच्याच नावाने खपवल्या जातात.

ज्यांच्या घरी वेगळी मूर्ती आहे त्यांच्यासाठी चार ओळखी इथेच सांगून टाकू. सुटलेलं पोट, हसरा चेहरा आणि पाठीशी झोळी असेल तर तो बुदाई, दहाव्या शतकातला भटका भिक्षू. त्याला मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा, अवतार मानतात. आपल्याकडच्या भेटवस्तूंच्या दुकानातला ‘लाफिंग बुद्धा’ तो हाच, आणि गौतम बुद्धाशी त्याची गल्लत अजून थांबत नाही. चिलखतावर झगा, छातीपर्यंत दाढी आणि ती कुरवाळणारा हात दिसला तर तो सेनानी ग्वान यू. मोकळे केस, अनवाणी पाय आणि पायाशी कासव-सापाची जोडी असेल तर ताओ पंथातला देव झेनवू. मिंग घराण्याच्या योंगले बादशहाने त्याला फार मोठं केलं, म्हणून मिंग काळातल्या त्याच्या मूर्ती बऱ्याच सापडतात. ध्यानमुद्रेतल्या दोन्ही तळहातांवर कलश असेल तर तो अमितायुस, दीर्घायुष्य देणारा बुद्ध. आणि तांबूस, जड, अंगावर खडे जडवलेली, चेहऱ्यावर सोनेरी रंग आणि केसांत निळा असलेली मूर्ती असेल तर चीनच्या आधी नेपाळ-तिबेटकडे पाहा.

आता ती सहा अक्षरं. अ‍ॅपने बहुधा बरोबर वाचलंय. तुम्हालाही पडताळता येईल. पहिलं अक्षर हातपाय पसरून उभ्या राहिलेल्या माणसासारखं दिसत असेल, ते ‘महान’. दुसऱ्यात दोन चौकटी शेजारी शेजारी असतील. डावीकडे सूर्य, उजवीकडे चंद्र, मिळून ‘मिंग’, हे राजघराण्याचं नाव. (मिंगनंतरच्या छिंग घराण्याचं अक्षर असतं तर डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब दिसले असते.) तिसरं-चौथं बादशहाचं राजवटनाम, पाचवं ‘वर्ष’, सहावं ‘बनवलं’.

वाचन बरोबर, पण ते खरं कशावरून? श्वांदे राजवट १४२६ ते १४३५, जेमतेम दहा वर्षांची. तिच्या ब्राँझच्या कामाची कीर्ती इतकी झाली की पुढची चार-पाच शतकं कारागीर धूपदाण्यांवर आणि मूर्तींवर हेच नाव कोरत राहिले. सगळ्यांचाच हेतू फसवण्याचा होता असंही नाही, जुन्या कामाला तो मुजरा असे. पण परिणाम असा की श्वांदेचं नाव असलेल्या वस्तूंपैकी श्वांदे काळातल्या अगदी थोड्या. आणि आणखी एक बारकावा आहे. योंगले आणि श्वांदे दरबारातून बौद्ध मठांना भेट गेलेल्या खऱ्या मूर्तींवर शेवटचं अक्षर ‘बनवलं’ असं नसतं, ‘अर्पण केलं’ या अर्थाचं असतं. ती ओळ कमळासनाच्या पुढच्या बाजूला बारीक कोरलेली असते आणि मूर्ती मुलाम्याची असते. तुमच्याकडे ताओ पंथाची लोकदेवी, खुर्चीवर बसलेली, सहा अक्षरांचा शिक्का पाठीमागे आणि शब्द ‘बनवलं’. तीनही गोष्टी विसंगत आहेत. शिक्का त्या बादशहाच्या काळातला नाही, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

म्हणून मूर्ती नवी ठरते का? नाही. व्यापाऱ्याने शिक्क्यावरून जुनी ठरवली, तशी शिक्का खोटा म्हणून नवी ठरवणं हीही घाईच. जुन्या मूर्तीवर पुढे कोणीतरी भाव वाढवायला अक्षरं कोरण्याचे प्रकार भरपूर झालेत. अक्षरं ओतकामात आली आहेत की नंतर कोरली, हे सोनाराच्या दहापट भिंगातून कळतं. साच्यातून आलेल्या अक्षराच्या कडा गोलसर, मऊ असतात. छिन्नीने कोरलेल्याच्या कडा धारदार, आणि खाचेच्या काठाला धातूची बारीक वरंबी उठलेली दिसते. बैठकीवर जुने ओरखडे असतील तर ते अक्षराच्या रेघेतून जातात की रेघ त्यांना तोडून पुढे जाते, हे पाहा. रेघ ओरखड्याला तोडत असेल तर अक्षर ओरखड्याच्या नंतरचं.

ज्यांच्या मूर्तीवर बादशहाचं नाव नसून साठ वर्षांच्या चक्रातलं वर्ष दोन अक्षरांत कोरलेलं आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. तेच नाव दर साठ वर्षांनी परत येतं. १७७०ला जे नाव, तेच १७१०, १८३०, १८९० आणि १९५०ला. सोबत राजवटीचं नाव असेल तरच वर्ष पक्कं होतं. छिंग घराण्यातल्या छ्येनलोंग बादशहाच्या काळात १७७०चं वर्ष घातलेले अमितायुस मोठ्या संख्येने घडवले गेले. तिथे दोन्ही नावं एकत्र येतात, म्हणून तो शिलालेख कामाचा.

तर ‘कधीची’ हे कुठे पाहायचं? पाठीवर आणि पोटात. चेहरा कोणताही नक्कल करणारा मन लावून करतो. पाठ, खुर्चीची मागची बाजू आणि तळाची आतली भिंत यांच्याकडे त्याचं लक्ष कमी असतं. तुमच्या बाबतीत तर दुसरा इलाजच नाही, कारण बाहेरच्या पृष्ठभागावरचा बराच पुरावा सत्तर वर्षांच्या चिंचेने धुऊन नेलाय. सुदैवाने चिंच पोटात शिरत नाही.

अशा मूर्ती बहुधा मेणाच्या साच्याने ओततात. मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर देऊन त्यात मूर्ती घडवायची, वरून माती लिंपायची, तापवून मेण वितळवायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात चालुक्य राजा सोमेश्वराने सांगितलेलं मधूच्छिष्टविधान, म्हणजे मेणाची रीत, याच जातीचं. मूर्ती पोकळ असेल तर ओतल्यावर गाभा पोटात उरतो. कारागीर तो खरवडून काढतो, पण डोक्याच्या आत, खांद्याच्या कोपऱ्यात थोडा राहतोच. म्हणून मूर्ती उलटी करून, मऊ टॉवेलवर आडवी ठेवून, छोट्या टॉर्चने आत पाहा. काळपट किंवा विटकरी, भाजलेली माती धातूला घट्ट चिकटून बसलेली दिसली तर उत्तम. ती काढू नका, टोचू नका. भिंतीची जाडी एकसारखी नसेल, कुठे दोन मिलिमीटर, कुठे चार, तर तेही हाताने केलेल्या कामाला धरून आहे. मधूनच गंजाचा तांबडा ठिपका दिसला तर तो गाभा जागेवर धरायला घातलेल्या लोखंडी खिळ्याचा असू शकतो. ओतताना राहिलेलं भोक बुजवायला बसवलेला धातूचा चौकोनी तुकडाही दिसतो. आजचा ग्राहक त्याला खोट समजतो. खरं तर त्या काळी ती नेहमीची दुरुस्ती होती.

उलट, आत समांतर कमानदार ओरखडे दिसले तर ते विजेवरच्या ग्राइंडरचे. आट्यांचं भोक आणि स्क्रू, आतून-बाहेरून सारखाच हिरवा रंग, सगळ्या अंगावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे, आणि झग्यावरची नक्षी साबणाच्या वडीसारखी बोथट झालेली, ही रबरी साच्यातून काढलेल्या नकलेची लक्षणं. झीजही तर्काने वाचावी. जिथे हात लागतो तिथे धातू झिजतो: गुडघे, नाक, बाळाचं डोकं, बैठकीची खालची कड. हनुवटीखालचा खळगासुद्धा तितकाच झिजलेला असेल, तर ती झीज ब्रशने आणलेली.

आजोबांनी मूर्ती १९५०च्या आसपास आणली, हे पक्कं करता आलं तर सिलिकॉन रबराच्या साच्यांचा प्रश्न निकाली निघतो, कारण ते त्यानंतर सर्रास झाले. मग दोन शक्यता राहतात: खरंच जुनी, म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकापासून एकोणिसाव्यापर्यंतची कधीची तरी, किंवा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुन्या घाटावर बंदरातल्या गिऱ्हाइकांसाठी घडवलेली. हाँगकाँगला असा बाजार होताच. तिथल्या जुन्या वस्तूंच्या प्रसिद्ध गल्लीचं इंग्रजी नाव अप्पर लास्कर रो आहे, आणि लास्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी. म्हणून आजोबांची सफरींची नोंदवही, जहाजाचं नाव, मूर्तीसोबतचा एखादा जुना घरगुती फोटो, काहीही असेल ते शोधा. देव्हाऱ्याच्या १९६०च्या एखाद्या फोटोत ती कोपऱ्यात दिसत असेल, तर तो फोटो त्या सहा अक्षरांहून मोलाचा.

धातूबद्दल. आपण सगळ्यालाच ब्राँझ म्हणतो, पण ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. मिंग काळात, सोळाव्या शतकापासून, चीनमध्ये नाणीसुद्धा जस्तमिश्रित झाली. त्यामुळे तुमची मूर्ती पितळेची निघाली तर ती नवी ठरत नाही. पंधराव्या शतकाचा दावाही केवळ धातूवरून खरा किंवा खोटा ठरत नाही. सोन्याचा कस तपासणाऱ्या हॉलमार्किंग केंद्रातलं क्ष-किरण यंत्र इथे उपयोगी पडतं. मूर्तीला ओरखडाही न काढता एका मिनिटात धातू सांगतं. ते यंत्र सोन्यासाठी जुळवलेलं असतं, म्हणून तांब्या-जस्ताची टक्केवारी शब्दशः घेऊ नका. कोणते धातू आहेत एवढंच घ्या. मोजमाप तळाच्या आतल्या कडेवर घ्यायला सांगा, कारण घासलेल्या पृष्ठभागावर प्रमाण बदललेलं असतं. जस्त, कथील, शिसं किती आणि पारा आहे का, हे विचारा. पारा सापडला तर सोन्याचा मुलामा जुन्या पद्धतीने, पाऱ्यात सोनं कालवून भट्टीवर दिलेला होता. या चाचणीतून वय मिळत नाही, एवढं लक्षात असू द्या. वयाची चाचणी गाभ्याच्या मातीवर होते. माती शेवटची कधी तापली ते ती सांगते, आणि मध्ये कोणी मूर्ती तापवून डाग दिला असेल तर तीही चुकते. म्हणूनच आतली माती जपायची आणि तुटका पंख जोडायला तांबटाकडे न्यायचं नाही.

लोहचुंबक लावून पाहायला हरकत नाही. पितळ-ब्राँझला तो चिकटत नाही. एखाद्याच जागी ओढला गेला तर आत लोखंडी खिळा असेल, सगळीकडे चिकटला तर मूर्ती लोखंडी आणि वर मुलामा. भरीव मूर्ती असलेल्यांनी घनता काढावी. वजनकाट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. मूर्ती दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता धरा. काट्यावर जितके ग्रॅम वाढतील तितके घनसेंटिमीटर तिचं आकारमान. मूर्ती ३९० ग्रॅमची आणि वाढ ४५ ग्रॅम असेल, तर घनता ८.७ च्या आसपास. पितळ आणि ब्राँझ दोन्ही साधारण ८.४ ते ८.९ मध्ये येतात, त्यामुळे त्यांच्यात फरक कळणार नाही. पण ६.७ आली तर जस्ताचं स्वस्त मिश्रण, आणि दोन-तीनच आली तर धातूची पूड मिसळलेलं रेझिन. तुम्ही हे करू नका, पोटातली माती भिजेल. मुलामा, रोगण किंवा बंद तळ असलेली मूर्तीही पाण्यात घालू नये. बंद तळाच्या पत्र्यामागे प्रतिष्ठापनेच्या वेळी ठेवलेल्या मंत्रांच्या गुंडाळ्या, धान्य, रेशीम असू शकतं. कुतूहलापोटी तो पत्रा उचकटला की मूर्तीचा निम्मा इतिहास गेला.

आता चिंच. आईंना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडे देव लखलखीत ठेवणं हीच सेवा. पण चिंच, लिंबू, आमसूल, राख, भांडी उजळवणारी पावडर यांतलं प्रत्येक जण वरचा थर खातं. तो थर म्हणजे मळ नव्हे. तांब्याच्या क्षारांची ती लाल, तपकिरी, हिरवी पुटं शेकडो वर्षांत बनतात आणि तीच वयाची साक्ष. शिवाय मिंग काळात अशा मूर्तींवर रोगणाचा हात देऊन सोन्याचा वर्ख लावायची पद्धत होती. तुमच्या मूर्तीवर तो असेल तर उरलासुरला कानामागे, बाळाच्या काखेत, झग्याच्या खोल चुण्यांत सापडेल. तिथे भिंगातून लालसर-काळं रोगण किंवा सोन्याचा कण दिसतो का, हे आज पाहा. व्यापाऱ्याचं फुकट पॉलिश नको, हे तर आलंच. विजेच्या चाकावर धरली की हा शेवटचा कणही जाईल.

चुण्यांत हिरवं काही दिसलं तर घाबरू नका, पण ते ओळखा. टूथपिकने हलकेच दाबून पाहा. मेणासारखं, चिकट असेल तर ते वर्षानुवर्षांच्या तेला-तुपाचा तांब्याशी झालेला संयोग, निरुपद्रवी. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी असेल, पुसल्यावर चार दिवसांत परत येत असेल, तर तो क्लोराइडचा रोग. मीठ, दमट हवा आणि तांबं एकत्र आलं की तो धातू आतून पोखरतो. चिंचेबरोबर मीठही लावत आलात, म्हणून हे विशेष सांगतो आहोत. अशा वेळी मूर्ती घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, भरपूर सिलिका जेलसह ठेवा. आत आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र ठेवून आकडा ४० टक्क्यांच्या खाली राखा, आणि संग्रहालयीन वस्तूंच्या संवर्धकाला दाखवा. ठाण्याच्या पावसाळ्यात उघड्यावर हे जमणार नाही. रोग नसेल तर कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकणं एवढीच सफाई.

कुरिअरला मात्र आमचं उत्तर ठामपणे ‘नको’ असंच आहे. १९७२चा पुरावशेष कायदा शंभर वर्षं जुन्या मूर्तीला पुरावशेष मानतो आणि वस्तू भारतातच घडलेली असावी अशी अट त्यात नाही. असा पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. सामानात घालून नेणंही त्यातच आलं. भावाला हे नीट समजावून सांगा, कारण पकडली गेली तर पाठवणारं नाव तुमचं असेल. मूर्ती शंभर वर्षांहून नवी आहे असं वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला घ्यावा लागतो. जुनी ठरली तर धातूच्या मूर्तींची नोंदणी करायची असते. घरात ठेवायला किंवा देशात विकायला कायद्याची आडकाठी नाही, फक्त नोंदवलेली मूर्ती दुसऱ्याच्या नावे झाली की तसं कळवायचं. विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे याच कायद्याखालचा परवाना हवा. तो दाखवायला सांगा. ‘महिन्याभरात कळवा’ म्हणणारा माणूस या प्रश्नावर काय करतो, ते पाहण्यासारखं असेल.

विकावी का? हा निर्णय तुमचा, आणि आजोबांच्या इतर वारसांचाही. पण लाखांचा आकडा डोक्यातून काढून मग विचार करा. अशा मूर्तींची किंमत मुलामा, आकार, अखंडपणा, विश्वासार्ह शिलालेख आणि कागदपत्रांवर ठरते. तुमची लहान आहे, मुलामा नाही, पंख तुटका, पृष्ठभाग घासलेला आणि शिक्का दिशाभूल करणारा. ती खरोखर मिंगच्या उत्तरकाळातली निघाली तरी बाजार या उणिवा मोजणारच. दोन स्वतंत्र मतं मिळेपर्यंत विकू नये, असं आमचं मत. त्यातलं एक मत विकत घेण्यात ज्याला रस नाही अशा माणसाचं हवं.

देव्हाऱ्यात ठेवणं चुकलं का, असं विचारलंत. माझगावात १९१९ सालचं सी यिप कून हे चिनी मंदिर आहे. तिथे ग्वान यू आणि ग्वानयिन एकाच इमारतीत नांदतात, आणि एक ताओ परंपरेतला तर दुसरी बौद्ध, याने भाविकांचं काही अडत नाही. तुमच्या आजीचंही अडलं नव्हतं. अडचण पूजेच्या उपचारांची आहे. हळद-कुंकू, दूध, पाणी, तेल मूर्तीवर नको. समोर तबक ठेवून त्यात वाहा, जिवतीच्या कागदाला करतात तसं. मूर्तीखाली स्वच्छ सुती कापडाची घडी ठेवा, निरांजन हातभर लांब.

आधी फोटो काढा: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, तळातून, मुकुट जवळून आणि अक्षरं जवळून. फ्लॅश बंद, राखाडी कागदाची पार्श्वभूमी, शेजारी मोजपट्टी, आणि अक्षरांचा फोटो खोली अंधारी करून एका बाजूने टॉर्चचा तिरका झोत टाकून. भिंतीची जाडी तळाच्या कडेवर चार ठिकाणी व्हर्नियरने मोजून फोटोसोबत लिहून ठेवा. आणि पक्ष्याचा तुटलेला पंख घरातल्या एखाद्या डबीत पडला असेल तर शोधा. तो मूर्तीच्या अंगावर नसल्यामुळे कदाचित चिंचेतून सुटला असेल आणि मूळचा रंग त्याच्यावरच शिल्लक असेल. चिकटवू नका, धुऊ नका, छोट्या पिशवीत चिठ्ठी घालून मूर्तीजवळ ठेवा.